मुलाच्या हातून गुन्हा घडला तर : कायदा काय पाहतो?

आपल्या वस्तीत एखाद्या अल्पवयीन मुलाला पोलिसांनी नेले की दोन प्रकारची बोलणी कानांवर येतात. कोणी म्हणतो, "लहान आहे, त्याला काही होत नाही, दोन दिवसांत सुटेल." कोणी म्हणतो, "गेला आता कामातून, आयुष्याचे वाटोळे झाले." ही दोन्ही मते चुकीची आहेत. पहिल्या मतामुळे आई-वडील बेफिकीर राहतात. दुसऱ्या मतामुळे ते घाबरून भलत्याच माणसाच्या हातात पैसे देऊन बसतात. म्हणून या विषयाची साधी, पण नेमकी माहिती स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले. आम्ही वकील नाही. परंतु घटनेच्या शिल्पकाराला आपला उद्धारकर्ता मानणाऱ्या समाजाला कायद्याचे पुस्तक उघडण्याची भीती वाटता कामा नये.

प्रौढ माणसाच्या खटल्यात न्यायालय मुख्यतः एकच प्रश्न विचारते : याने काय केले? मुलाच्या बाबतीत कायदा त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारतो : हे मूल कसे वाढले, आणि आज त्याच्या पाठीशी कोण उभे आहे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीशाजवळ नसते. ते आपल्याजवळ असते. या लेखाचा सगळा रोख या एका गोष्टीवर आहे.

थोडा इतिहास

मुंबईत डोंगरी-उमरखाडी भागात एक जुना तुरुंग आहे. १८८२ साली लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी याच तुरुंगात १०१ दिवसांची शिक्षा भोगली. पुढे त्याच ठिकाणी मुलांचे गृह सुरू झाले. मुलांसाठी वेगळा कायदा हवा हा विचारही आपल्याकडे बराच जुना आहे. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १५ (३) ने स्त्रिया व मुले यांच्यासाठी खास तरतुदी करण्याची मुभा शासनाला दिली. सबंध देशासाठीचा बाल न्याय अधिनियम १९८६ साली आला. त्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा १६ आणि मुलींसाठी १८ होती. १९९२ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्यानंतर २००० सालच्या कायद्याने दोघांसाठीही १८ वर्षे ही एकच मर्यादा ठरवली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला. त्यातील एक आरोपी १८ वर्षे पूर्ण होण्यास काही महिने कमी असलेला होता. त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता आले नाही. यावरून देशभर संताप उसळला आणि नवा कायदा झाला. 'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्यात २०२१ साली काही दुरुस्त्या झाल्या.

पहिला प्रश्न वयाचा

मूल कायद्याच्या कोणत्या दारातून आत जाणार हे वयावर ठरते. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले जात नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतो हे समजण्याइतकी जाण त्या मुलाला नव्हती असे दिसल्यास तोही गुन्हा ठरत नाही. हा नियम पूर्वी भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. त्यापुढे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. वय मोजायचे ते कृत्य घडले त्या दिवसाचे. पकडले त्या दिवसाचे नव्हे.

वयाच्या पुराव्याचा क्रमही कायद्याने लावून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला. यांपैकी काहीच नसेल तरच हाडांच्या वैद्यकीय तपासणीवर जायचे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आम्ही बँकेत खाते उघडण्याचे अर्ज रोज पाहतो. ठरावीक पिढीतील कितीतरी खातेदारांची जन्मतारीख १ जून असते! आई-बापांना तारीख सांगता आली नाही म्हणून गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीची तारीख टाकली. त्यात कोणाचे वय वर्षाने वाढले, कोणाचे घटले. एरवी या गोष्टीचे कोणाला काही वाटत नाही. परंतु मुलावर गुन्ह्याचा प्रसंग आला की शाळेच्या रजिस्टरातील त्या एका ओळीवर त्याचे भवितव्य लटकते. म्हणून मुलाचा जन्म झाला की लगेच नोंद करावी आणि शाळेत तीच तारीख लागली आहे ना हे पाहावे.

या कागदाची किंमत किती असते, याचे उदाहरण पुण्यातलेच आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरातील सात जणांचे खून झाले. त्यात सापडलेल्या एकाला १९९८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे त्याने राजस्थानातील आपल्या शाळेचा दाखला पुढे केला. चौकशीअंती २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्हा घडला तेव्हा तो साडेबारा वर्षांचा होता. मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. हा मनुष्य अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला होता! त्याची सुटका झाली ती या कायद्यातील एका तरतुदीमुळे. वयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकाल लागल्यानंतरही मांडता येतो.

बाल न्याय मंडळ

मुलाचे प्रकरण नेहमीच्या फौजदारी न्यायालयात जात नाही. ते बाल न्याय मंडळापुढे जाते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत किमान एक स्त्री असलीच पाहिजे. मंडळाने उंच व्यासपीठावर बसायचे नाही आणि आरोपीचा पिंजरा ठेवायचा नाही, असे नियम सांगतात. 'अटक', 'आरोपी', 'दोषारोपपत्र', 'शिक्षा' असले शब्दही मुलाच्या बाबतीत वापरू नयेत असे कायद्याचे तत्त्व आहे. म्हणून मंडळ 'शिक्षा' सुनावत नाही, 'आदेश' देते.

मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे हजर करावे लागते. पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला कळवावे लागते. वकील करण्याची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. मुलांना या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

जामीन म्हणजे शिक्षा नव्हे

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेल्या मुद्द्याकडे येऊ. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, सधन घरातला होता. काही तासांतच त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. "दोन जीव घेतले आणि शिक्षा काय, तर निबंध!" असे संतापाचे उद्गार घरोघर निघाले. ज्यांची तरणीताठी मुले गेली त्यांचे दुःख शब्दांत मावणारे नाही, आणि लोकांचा रागही समजण्यासारखा होता. परंतु निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. चौकशी पुढे व्हायचीच होती. त्यानंतर त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले, तेव्हा २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला.

कायद्यात असे आहे की, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडायचे. अपवाद तीनच. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा संभव असेल, त्याला नैतिक, शारीरिक अथवा मानसिक धोका असेल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होणार असेल, तरच जामीन नाकारता येतो. जामीन मिळाला पण अटी पुऱ्या करता आल्या नाहीत, तर सात दिवसांनी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलता येतात. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जामिनाची रक्कम नाही किंवा जामीनदार नाही, एवढ्याच कारणाने गरिबाचे मूल निरीक्षणगृहात दिवस काढीत बसते. श्रीमंताच्या मुलाला जामीन का दिला, असे विचारण्यापेक्षा आमच्या मुलालाही तोच कायदा त्याच दिवशी लावा, असे आपण म्हटले पाहिजे. समतेचा अर्थ तोच आहे.

गुन्ह्याचे तीन वर्ग

मंडळ गुन्ह्याचे वजन तीन वर्गांत पाहते. ज्यात जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे तो किरकोळ गुन्हा. साधी चोरी यात येते. ज्यात कमीत कमी शिक्षाच सात वर्षे किंवा त्याहून अधिक आहे तो घोर गुन्हा. खून व बलात्कार यात येतात. या दोहोंमधले ते गंभीर गुन्हे. कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त पण किमान शिक्षा ठरवलेलीच नाही, अशा गुन्ह्यांचे काय, हा घोळ पूर्वी होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो दाखवून दिला आणि २०२१ च्या दुरुस्तीने असे गुन्हे 'गंभीर' वर्गात घातले.

किरकोळ प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत पुरी व्हावी लागते. न झाल्यास प्रकरण तेथेच संपते. किरकोळ व गंभीर गुन्ह्यांत मुलावर प्रथम खबरी अहवाल नोंदवायचा नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यायची, असे केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम सांगतात. मात्र गुन्हा घोर असेल किंवा मोठ्या माणसांच्या बरोबरीने केलेला असेल तर अहवाल नोंदवला जातो. मोर्चा, बंद, मिरवणूक अशा वेळी पोरांना पुढे घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो.

आदेश कसा ठरतो?

मुलाने कृत्य केले असे सिद्ध झाले की मंडळापुढे आदेशांची एक शिडीच असते. समज देऊन व समुपदेशन करून घरी पाठवणे ही तिची पहिली पायरी. त्यापुढे सामूहिक समुपदेशन आणि देखरेखीखाली समाजसेवा, म्हणजे बागेची निगा, वृद्धांची सेवा, इस्पितळात मदत अशी कामे. मग मुलाला किंवा पालकांना दंड. मग चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देणे. त्यानंतर एखाद्या योग्य संस्थेच्या देखरेखीत ठेवणे. शेवटची पायरी विशेष गृहात पाठवण्याची, तीही तीन वर्षांपर्यंतच. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, असे कायदा स्पष्ट सांगतो. यांच्या जोडीला शाळेत जाणे, धंदेशिक्षण घेणे, व्यसनमुक्ती उपचार घेणे, अमुक ठिकाणी न फिरकणे असे आदेशही देता येतात.

समजा, दोन मुलांनी मिळून एक मोबाईल चोरला. वय दोघांचे पंधरा, गुन्हा एक, पुरावा एक. पहिल्याची आई भांडी घासते, पण मुलगा नववीत आहे, वर्गशिक्षक येऊन सांगतात की हजेरी चांगली आहे, मामा जबाबदारी घेतो म्हणतो. दुसऱ्याची शाळा सुटून दोन वर्षे झाली, तो स्टेशनवर सोल्युशन हुंगतो, बोलावणे पाठवूनही घरातून कोणी येत नाही. पहिल्याला समज देऊन, समुपदेशनाची अट घालून घरी पाठवले जाईल. दुसऱ्यासाठी मंडळाला व्यसनमुक्तीचा आणि कोणत्या तरी संस्थेचा विचार करावा लागेल. हा अन्याय आहे का? कायद्याच्या मते नाही, कारण प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे आदेश द्यायचा असतो. गुन्ह्याचे स्वरूप, देखरेखीची गरज, मुलाची पूर्वीची वर्तणूक आणि सामाजिक तपासणी अहवालातून दिसलेली परिस्थिती, या चार गोष्टी पाहूनच मंडळाने निर्णय करायचा आहे.

हा सामाजिक तपासणी अहवाल परिविक्षा अधिकारी तयार करतो. घर, कमाई, आई-बापांचे नाते, शाळा, सोबती, सवयी, शेजाऱ्यांचे म्हणणे, सारे त्यात असते. तो चौकशीला वस्तीत येतो तेव्हा आपण काय करतो? दारे लावून घेतो. "आम्हाला काही माहीत नाही" म्हणतो. किंवा जुने भांडण मनात धरून "पोरगे वायाच गेलेले आहे" असे सांगून मोकळे होतो. ज्या मुलाबद्दल चार चांगली माणसे चार खरी वाक्ये सांगत नाहीत त्याचा अहवाल कोराच राहतो. मंडळाने मग कशाच्या आधारावर त्याला घरी पाठवावे?

सोळा ते अठरा

२०१५ च्या कायद्याने सर्वांत मोठा बदल या वयासाठी केला. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. तो गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता होती का, परिणाम त्याला समजत होते का, आणि कोणत्या परिस्थितीत ते घडले, हे पाहायचे. हे काम घाईने होऊ नये, मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे.

मूल्यमापनानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे गेले, आणि प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची गरज त्या न्यायालयालाही वाटली, तर तीन वर्षांहून मोठी शिक्षा होऊ शकते. तरीही फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात न ठेवता सुरक्षित स्थळी ठेवतात, दरवर्षी त्याच्या प्रगतीचा अहवाल मागवतात. एकवीस पूर्ण झाल्यावर, तो सुधारला असेल तर न्यायालय त्याला सोडू शकते. नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. कल्याणीनगरच्या प्रकरणातही मुलाला प्रौढ समजावे असा पोलिसांचा अर्ज होता. मंडळाने तो जुलै २०२५ मध्ये नामंजूर केला.

विद्यार्थी वाचकांसाठी एक इशारा. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी प्रेमात पडून घर सोडतात. मुलीचे पालक तक्रार करतात. अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायद्याला मान्य नाही. 'पोक्सो' कायद्यात २०१९ पासून लैंगिक संबंधाच्या अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षे शिक्षा आहे. म्हणजे हा घोर गुन्हा झाला, आणि मुलगा सोळाच्या पुढे असल्याने थेट प्राथमिक मूल्यमापनाच्या दारात उभा राहिला. हे त्या वयात कोणी सांगत नाही. आई-वडिलांनी संकोच सोडून ते सांगावे.

कायदा विसरतो, वस्ती विसरते का?

या कायद्याचे सर्वांत उदात्त तत्त्व म्हणजे नव्याने सुरुवात. मंडळाचा आदेश पुरा झाला, अपिलाची मुदत संपली की त्या प्रकरणाचे कागद नष्ट करायचे असतात. प्रौढाप्रमाणे चाललेल्या घोर गुन्ह्यांचा अपवाद सोडला, तर या प्रकरणामुळे नोकरी, निवडणूक वा इतर कशासाठीही त्याला अपात्र ठरवता येत नाही. चारित्र्याच्या दाखल्यात पोलिसांनी ते दाखवायचे नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतील एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच मान्य केले. मुलाचे नाव, फोटो, शाळा छापणाऱ्यास सहा महिने कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सअपवर असे फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मज्झिम निकायातील अंगुलीमालाची कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. भगवान बुद्धांनी त्याला बदलले, संघात घेतले, एवढ्यावर आपण थांबतो. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. राजा प्रसेनजित त्याला पकडायला घोडेस्वार घेऊन निघाला होता. त्याने त्याला भिक्षूच्या वेषात पाहिले आणि त्याला अभय दिले. राज्याचा कायदा तेथे संपला. परंतु अंगुलीमाल भिक्षेला गावात गेला तेव्हा त्याच्यावर ढेकळे व काठ्या पडल्या. रक्तबंबाळ होऊन, फुटके भिक्षापात्र घेऊन तो परतला. राजाने क्षमा केली, वस्तीने केली नव्हती. आज आपल्यातला एखादा मुलगा निरीक्षणगृहातून परत येतो तेव्हा दुकानदार गल्ला सांभाळतो आणि आया आपल्या मुलांना त्याच्याशी बोलू देत नाहीत. ती आजची ढेकळेच आहेत. मग जे त्याला जवळ करतात ते कोण असतात, हे आम्ही सांगायला नको.

आपण काय करू शकतो?

सभासदांपुढे काही गोष्टी ठेवतो. प्रत्येक घरात मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांच्या प्रती एका पाकिटात ठेवाव्यात. मुलाला ताब्यात घेतल्याचे कळताच आई किंवा वडिलांनी कागद घेऊन स्वतः जावे, दलालाला पाठवू नये. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आणि मुलांसाठीचा १०९८ हे दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावेत. मंडळाच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते, हे विसरू नये. परिविक्षा अधिकारी आला तर शिक्षक, शेजारी, कार्यकर्ते यांनी खरे ते निर्भयपणे सांगावे. ज्याच्या घरी कोणी नाही अशा मुलासाठी आपल्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा कर्मचाऱ्याने 'योग्य व्यक्ती' म्हणून मंडळाकडे नाव द्यावे. कायद्यात त्याची सोय आहे. आणि परत आलेल्या मुलाला विहारातील अभ्यासिकेत इतरांच्या रांगेतच जागा द्यावी, वेगळ्या कोपऱ्यात नव्हे.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळालाच पाहिजे, त्यात मुलाचे लहानपण आड येऊ नये. परंतु त्या मुलाला उरलेले सारे आयुष्य आपल्यातच काढायचे आहे. मंडळाचा आदेश काही महिन्यांत किंवा फार तर काही वर्षांत संपतो. त्यानंतरची देखरेख आपल्याकडे येते. ती जबाबदारी आपल्या संस्थेने या वर्षीच्या कार्यक्रमात घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही हे लिखाण येथे पुरे करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!